कुठले नऊ

ऑफिसात त्याला सगळे ‘कुठलेनऊ’ म्हणत. अर्थात मागे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती, कारण साध्या प्रश्नावरून समोरच्याचा अर्धा दिवस खायची ताकद त्याच्यात होती. कुणी ‘उद्या नऊला भेटू’ म्हणालं, की हा चष्मा कपाळावर सरकवणार आणि नाकानं कांदे सोलत विचारणार, “नऊ म्हणजे कुठले नऊ?” विचारलेला माणूस त्याच इमारतीत, त्याच मजल्यावर, त्याच पंख्याखाली बसणारा. नऊ वाजले तर दोघांचे एकदमच वाजणार. पण ते कबूल करण्यात मोठेपणा कसला?

काम त्याचं तसलंच होतं म्हणा. जगातल्या देशांची घड्याळं कधी पुढे जातात आणि कधी मागे येतात, याचे नियम एका फायलीत लिहून ठेवायचे. काही देश उन्हाळ्यासाठी घड्याळ तासभर पुढे करतात आणि थंडीच्या तोंडावर तो तास परत मागे घेतात. मधेच एखादं सरकार कंटाळतं आणि सगळंच रद्द करतं. या प्रत्येकाची एकेक ओळ असायची. अमुक सालापासून तमुक सालापर्यंत, अमक्या महिन्याचा शेवटचा रविवार, पहाटे दोन वाजता, एक तास पुढे. कुठल्या मुलखाला कुठल्या ओळी लागू, ते सांगणाऱ्या ओळी निराळ्या. मग ही फाईल कंपाइलरच्या तोंडी द्यायची. तो ती चावून यंत्राला गिळता येईल अशी गोळी करतो, आणि ती गोळी कंपनीच्या गिऱ्हाइकांकडे जाते. कुणाच्या फोनमध्ये, कुणाच्या बसस्थानकाच्या फलकात, कुणाच्या कारखान्याच्या भोंग्यात.

यंत्राला स्वतःला नऊ-दहा काही कळत नाही, ते नुसते सेकंद मोजत बसतं. तुम्ही फोन लावलात की ते सेकंदांचा आकडा नोंदवतं, आणि तेव्हा किती वाजले होते असं विचारलंत की नियमांच्या गोळीत डोकावून उत्तर देतं. उद्या नियम बदलला तर कालच्या फोनपुढे दिसणारी वेळही बदलते. हे तो नव्याने लागलेल्या माणसांना मोठ्या चवीनं समजावी. त्यांच्या चेहऱ्यावर गोंधळ दिसला की त्याचा दिवस सुखाचा जाई.

त्याच्या लेखी जगात दोन प्रकारची माणसं होती. एक तो, आणि दुसरी बाकीची. मंत्री म्हणजे सूर्याला वाकुल्या दाखवणारे गणंग. पत्रकार म्हणजे ऐकीव गोष्टींचे फेरीवाले. गिऱ्हाइकं तर काय, ‘तास पुढे की मागे’ एवढंही जन्मात लक्षात न राहणारी. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. आयुष्यात ज्या गावांची धूळ पायाला लागली नाही, त्या गावांना किती वाजले हे हा खुर्चीतून ठरवणार, आणि वर त्या गावांनाच मूर्ख म्हणणार.

त्यानं स्वतःपुरता एक कायदा केला होता. राजपत्रात छापून येत नाही तोवर नियम फायलीत जाणार नाही. सरकारं आयत्या वेळी घोषणा करतात आणि राजपत्र मागाहून सवडीनं छापतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून इतर कंपन्या भरवशाची बातमी आली की ओळ टाकून मोकळ्या होत आणि राजपत्र आल्यावर खात्री करून घेत. त्यांना हा चहाटळ म्हणे. आपल्या फायलीत चहाटळपणा चालत नाही, असंही म्हणे. स्वतःच्या फोनवर तो कंपनीचीसुद्धा तयार गोळी घालत नसे. स्वतःच्या हातानं कंपाइल केलेली घाली. दुसऱ्याच्या हातची वेळ त्याला पचत नसे.

त्याची आई मात्र सरहद्दीपलीकडे, जुन्या गावी एकटी राहत होती. तिथलं घड्याळ वेगळं. म्हणून फोनवर त्यानं दोन घड्याळं लावली होती. वर स्वतःचं, खाली आईच्या गावचं. दर रविवारी खालच्या घड्याळात सकाळचे नऊ झाले की तो फोन लावी. एकदा तिनंच आपणहून लावला होता, जरा लवकर. करमत नव्हतं म्हणून. त्यानं तिला वेळ पाळण्यावर असं काही ऐकवलं, की त्यानंतर तिनं कधी आपणहून फोन केला नाही. “तूच कर रे,” ती म्हणायची. “तुला बरोबर वेळ कळते.” टोमणा नव्हता तो. तिचा खरंच विश्वास होता, आणि हा तो विश्वास पगारासारखा हक्कानं घ्यायचा.

त्या वर्षी थंडीच्या तोंडावर आईचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टर म्हणाले, नेहमीचं आहे, घाबरायचं कारण नाही. आई म्हणाली, कामं टाकून येऊ नकोस. हा म्हणाला, बरं. तेवढंच ऐकायला तो टपलेला होता.

नेमकी त्याच आठवड्यात तिकडच्या सरकारला लहर आली. यंदा तास मागे घ्यायचा नाही, उन्हाळ्याचंच घड्याळ पुढे चालू ठेवायचं, अशी घोषणा झाली. घड्याळ मागे जायचं होतं रविवारी. शुक्रवारी चाचणी विभागातली बाई त्याच्या टेबलाशी आली. याची गोळी बाहेर जाण्याआधी तपासणं हे तिचं काम. तिनं सांगितलं, तिकडच्या रेडिओवर मंत्री स्वतः बोललेत, बाकीच्या कंपन्यांनी ओळ टाकली, आपणही टाकू या. त्यानं मान वर न करता विचारलं, राजपत्र आलं का? नाही आलं. मग मंत्र्यांना गाणं म्हणू द्या, असं म्हणून त्यानं तिची बोळवण केली. ती जाताना काहीतरी पुटपुटली. काय ते त्याला ऐकू आलं नाही, आणि आलं असतं तरी पालथ्या घड्यावर पाणीच होतं.

रविवारी आईच्या तपासण्या होत्या, म्हणून त्या आठवड्याचा फोन त्यानं शनिवारीच सकाळी नऊला रुग्णालयात केला.

“सोमवारी दहाला मला आत नेणार आहेत,” आई म्हणाली. “तू नऊला फोन कर.”

“नऊ म्हणजे कुठले नऊ?”

“इथले रे. माझे.”

तो म्हणाला, ठीक आहे, पण उद्या तुमच्याकडे तास मागे जातोय, ते ध्यानात ठेव.

“यंदा नाही जात म्हणे. रेडिओवर सांगितलं. इथल्या मावशीही म्हणत होत्या.”

तो हसला. मुलाच्या बोबड्या बोलांना हसावं तसा, स्वतःच्या आईला. मग राजपत्र म्हणजे काय, घोषणा आणि कायदा यांत फरक काय, रेडिओ ऐकून घड्याळं लावणाऱ्या लोकांचं काय होतं, हे सगळं त्यानं उद्या-परवा छाती उघडली जाणार असलेल्या बाईला समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

“असेल बाबा. तुला जास्त कळतं,” ती म्हणाली. “पण आत नेण्याआधी कर. बाकी काही नाही, तुझा आवाज ऐकला की भीती वाटत नाही.”

करतो, असं म्हणून त्यानं फोन ठेवला. शेजारी भाजी निवडत बसलेल्या बायकोनं सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली, आई तिथंच आहेत, त्यांच्या डोळ्यांसमोर घड्याळ आहे, तर त्या सांगतात तसं कर की. किंवा आधी कर, तासभर आधी बोललास तर काय बिघडेल? तुला यातलं काय कळतं, असं तो म्हणाला. हे वाक्य त्या घरात इतक्या वेळा म्हटलं गेलं होतं की बायकोनं भाजीवरून नजरही उचलली नाही.

सोमवारी तो ऑफिसातल्या काचेच्या खोलीत दार लावून बसला. फोन समोर. खालच्या घड्याळात नऊ होण्याची वाट बघत होता. निदान वाट तरी बघत होता, एवढं त्याच्या बाजूनं म्हणता येईल. नऊ झाले तसा त्यानं फोन लावला. घंटा बराच वेळ वाजत राहिली. मग एका अनोळखी बाईनं उचलला. वॉर्डातल्या मावशी.

“त्यांना आत नेलं, साहेब.”

इतक्यात कसं नेलं, असं त्यानं विचारलं. नऊ तर आत्ता वाजतायत.

“दहा झाले की.”

“तुमचं घड्याळ चुकलंय, मावशी. काल मागे करायचं राहिलं असेल.”

मावशी म्हणाल्या, राहिलं नाही, यंदा करायचंच नव्हतं, सरकारनं सांगितलंय. त्यानं त्यांना राजपत्राचं सुरू केलं. तिकडे आईला भूल देत होते आणि इकडे हा तिच्या दाराशी उभ्या असलेल्या बाईशी किती वाजले यावरून वाद घालत होता. बाई ऐकेना, तेव्हा तो म्हणाला, तिथलं कुणीतरी शिकलेलं माणूस द्या फोनवर.

“शिकलेले सगळे आत आहेत,” मावशी म्हणाल्या. “तुमच्या आईजवळ.”

मग मावशींनीच सांगितलं. “नऊपासून फोन हातात धरून बसल्या होत्या. मी म्हटलं, आजी, तुम्हीच लावा ना. नको म्हणाल्या, आधी केलेलं त्याला आवडत नाही. दारापाशी मी हातातून काढून घेतला फोन. सोडत नव्हत्या.”

यावर एखाद्यानं काय केलं असतं? यानं रुग्णालयाच्या व्यवस्थापकांना पत्र लिहायला घेतलं. आपल्याकडील घड्याळे कायद्यानुसार लावलेली नसल्याने रुग्णांच्या नातेवाइकांची गैरसोय होत आहे, वगैरे. दुसरा परिच्छेद चालू असताना डॉक्टरांचा फोन आला. हृदयानं साथ दिली नाही, असं ते म्हणाले. पत्र तसंच अर्धवट राहिलं. एका निर्लज्ज माणसाच्या हातून एक निर्लज्ज गोष्ट कमी झाली, ती फक्त एवढ्याच कारणानं.

तो गावी गेला, सगळं उरकून आला, आणि आठवडाभरानं पुन्हा कामावर बसला. त्या सोमवारी तिकडे कंपनीची गोळी असलेले फोन वापरणाऱ्या किती माणसांचे खाडे लागले, किती बसगाड्या चुकल्या, त्याच्या तक्रारींचा ढीग साचला होता. त्यानं वर कळवून टाकलं की फाईल नियमाप्रमाणे बिनचूक होती, घोळ सरकारचा. वरच्यांना पटलं. वरच्यांना असलं नेहमीच पटतं.

आणि मग, वरातीमागून घोडं यावं तसं, राजपत्र आलं. त्यात साफ लिहिलं होतं की तास मागे न घेण्याचा निर्णय त्या रविवारपासूनच लागू आहे. त्यानं ओळ लिहिली. वर राजपत्राचा क्रमांक टिपला. कंपाइल केलं. एकही चूक निघाली नाही. चाचणी विभागातल्या बाईनं गोळी तपासली, बरोबर आहे म्हणाली, दुसरं काही म्हणाली नाही, आणि गोळी जगभर गेली. रिवाजाप्रमाणे त्यानं ती स्वतःच्या फोनवरही घातली. खालचं घड्याळ तासभर पुढे सरकलं.

मग त्यानं केलेल्या फोनांची यादी उघडली. आईला लावलेल्या प्रत्येक फोनपुढे आईच्या गावची वेळ दिसावी, अशी सोय त्यानंच करून घेतली होती. वर्षानुवर्षांचे रविवार आणि तो एक शनिवार एकाखाली एक होते, सगळे सकाळचे नऊ. सगळ्यांत वरची ओळ त्या सोमवारची. कालपर्यंत तिथंही नऊच होते. आता तिथं दहा होते. यंत्रानं सेकंद जसेच्या तसे ठेवले होते आणि नियम याच्याच हातचा होता, त्यामुळे दोष द्यायला मंत्री नव्हता, पत्रकार नव्हता, मावशीही नव्हत्या.

मग त्यानं नवी गोळी फोनमधून काढली आणि जुनी परत घातली. ओळीत पुन्हा नऊ आले.

काही दिवसांनी जेवताना त्याचा फोन टेबलावर पडला होता. बायकोचं सहज लक्ष गेलं. आईंचं हातघड्याळ रुग्णालयातून आलं तेव्हापासून कपाटावर गावच्याच वेळेनं चालू होतं. तिनं एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा फोनकडे.

“आईंच्या गावचं घड्याळ तासभर मागे आहे तुझ्या फोनवर,” ती म्हणाली.

त्यानं ताटातून मान वर केली नाही.

“अजून राजपत्र आलेलं नाही,” तो म्हणाला.