चुकीच्या स्पेलिंगचे शिकारी

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. घरातल्या एका ड्रॉवरमध्ये जुने चार्जर, सुटे सेल, कुठल्यातरी हरवलेल्या कुलपाची किल्ली असं आपोआप साठत जातं ना, तसेच ते साठतात. आमचा ड्रॉवर आता बंदच होईनासा झालाय, म्हणून थोडे बाहेर काढते.

आमचा म्हणजे तिघांचा. कळंबला सलीमभाईंचं टीव्ही रिपेअरिंगचं दुकान आहे. रविवारी दुपारी तिथं सलीमभाई, जोगदंड सर आणि मी असे तिघं जमतो. सर जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेत, इंग्रजी शिकवायचे. मी मीरा, पंचायत समितीत क्लार्क. आम्हाला नाद आहे जुन्या व्हिडिओ गेमचा. टीव्हीला वायर जोडायची, कॅसेट घालायची, नाही चालली तर काढून फुंकर मारायची आणि पुन्हा घालायची, ते गेम!

आता जुन्या वस्तूंच्या साइटवर नीट नाव लिहून ठेवलेला गेम मोठ्या शहरातले शौकीन पाचपट बोली लावून उचलतात. तिथं आपला काय पाड? आमच्या वाट्याला येतो तो चुकीच्या नावानं ठेवलेला माल. ज्यानं विकायला काढलाय त्यालाच पत्ता नसतो, तो काय विकतोय!

•

सुरुवात माझ्यापासून झाली. साइटवर एक जाहिरात दिसली, ‘कॅल्क्युलेटर, जुना, आकडे दिसत नाहीत.’ फोटो मोठा करून बघितला तर हातात धरून खेळायचा तो विटांचा गेम! वरून विटा पडतात, आपण फिरवून नीट बसवायच्या, तो. लहानपणी माझ्या मामेभावाकडं होता आणि तो मला फक्त बघू द्यायचा.

शंभर रुपयात घेतला. आठ दिवसांनी विकणाऱ्या गृहस्थांचा फोन आला. आवाजावरून वयस्कर वाटले. बिचाऱ्यांच्या मनाला लागून राहिलं होतं.

“मॅडम, बेरीज बरोबर येते का हो? मला तर कधीच आली न्हाय.”

मला खोटं बोलवेना. म्हटलं, “काका, तो कॅल्क्युलेटर नाही, गेम आहे. बेरीज येत नाही, पण विटा पडतात.” तुमची चूक झाली, हवं तर परत पाठवते, असंही सांगितलं.

काका मोठ्यांदा हसले.

“नको नको, ऱ्हाऊ द्या. म्या चार वर्षं किराणा दुकान त्याच्यावर चालवलं!”

•

जोगदंड सर आमच्यात आले ते टीव्हीचा रिमोट दुरुस्त करायला. आम्ही दोघं मोबाइलमध्ये डोकं घालून ‘व्हिडिओ गेम’ शोधत होतो आणि किमती बघून हळहळत होतो. सरांनी मागून बघितलं.

“मॅडम, तुम्ही स्पेलिंग बरोबर लिहिता, म्हणून तुम्हाला मिळत नाही.”

“म्हणजे?”

“चुकीचं लिहा.”

त्यांनी खिशातला पेन काढला आणि रिमोटच्या खोक्यावर धडाधड लिहीत सुटले. एका ‘व्हिडिओ’ची एकोणीस स्पेलिंगं! कुठं एक अक्षर जास्त, कुठं डी गायब, कुठं व्हीच्या जागी बी. तीस-बत्तीस वर्षं पोरांच्या वह्या तपासलेला माणूस. चूक कुठं होणार हे त्यांना आधीच दिसतं.

अकराव्या स्पेलिंगला लातूरकडचा एक अख्खा गेम सापडला, दोन रिमोट आणि सहा कॅसेटींसकट. एकही बोली लागलेली नव्हती.

सलीमभाई बघतच राहिले. म्हणाले, “सर, तुमी तर खजिना हो!”

सर रिमोटचं झाकण लावत म्हणाले, “मी नाही. आमची आठवी ‘ब’.”

•

सरांच्या त्या यादीत मराठीतलं एक स्पेलिंग होतं, ‘बीडीओ गेम’. सर म्हणाले, लोक घाईत असंही लिहितात, बघाच.

आता मी पंचायत समितीत कामाला, आणि आमचे बीडीओ म्हणजे गटविकास अधिकारी, सगळ्या ऑफिसचे साहेब! पण माझ्या डोक्यात तेव्हा फक्त गेम. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला आणि मोबाइलवर टाइप केलं, ‘बीडीओ गेम’. शेजारच्या टेबलावरचे गायकवाड भाऊसाहेब लोणचं मागायला वाकले. लोणचं न घेताच सरळ झाले.

चार वाजेपर्यंत ऑफिसभर झालं होतं, मॅडम साहेबांचा गेम करणार! कुणी म्हणालं तक्रार गेलीय, कुणी म्हणालं बदलीची फाइल हललीय. शिपाई चहा देताना माझ्याकडं आदरानं बघायला लागला.

पाच वाजता साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. नोकरीत चौदा वर्षांत पहिल्यांदा असं एकटीला बोलावलेलं. काय सांगणार? सगळं खरं तेच सांगितलं. जुने गेम, चुकीची स्पेलिंगं, जोगदंड सर, आठवी ‘ब’. मोबाइल उघडून दाखवला. खरंच त्या नावानं एक गेम विकायला होता.

साहेब गंभीर चेहऱ्यानं स्क्रीन बघत होते.

“मग बीडीओवर बोली किती लागलीय?”

“दीडशे रुपये, साहेब.”

“फक्त?”

•

यश डोक्यात जातं. आमच्याही गेलं.

एक जाहिरात आली, ‘आरत्यांच्या कॅसेटी, दहा नग.’ फोटो असा धुरकट, की म्हैस ठेवली असती तरी कळली नसती. पण आम्हाला आता सगळीकडं चुकीच्याच पाट्या दिसत होत्या. सलीमभाई म्हणाले, “ताई, ह्या गेमच्याच. जाडी बघा ना!” सर म्हणाले, “आरत्या हे शंभर टक्के चुकीचं लिहिलंय.” घेतल्या.

पार्सल फोडलं. आरत्याच होत्या.

शेवटी मी त्या तुळजापूरला वडिलांकडं, अण्णांकडं पाठवून दिल्या. आमचं पुजाऱ्यांचं घर, तिथं उपयोग होईल. सलीमभाईंनी एक जुना टेपरेकॉर्डर नीट करून सोबत दिला, स्वतःच्या ‘जाडी बघा’चं प्रायश्चित्त म्हणून.

आठवड्यानं अण्णांचा फोन.

“मीरे, नऊ कॅसेटी एकदम उत्तम. दहावी कुणीतरी घरी भरलेली दिसतीय.”

“का, बिघडलीय का?”

“न्हाय गं. एक बाई आरती म्हणतीय, आवाज गोड, ताल पक्का. आन् दुसऱ्या कडव्यात मधीच ओरडती, ‘आगं ये, दूध चाललं उतू!’ आन् परत त्याच सुरात पुढं म्हणायला लागती.”

“मग फेकून द्या ती.”

“फेकू कशाला? रोज तीच लावतो. तुझी आई तिथं आली की उठून गॅस बघून येती.”

•

तेरखेड्याचा किस्सा सलीमभाईंनीच सांगावा असा आहे, पण ते सांगताना स्वतःच इतके हसतात की शेवट कुणाला ऐकूच येत नाही.

जाहिरात होती, ‘दिवाळीचं पिस्तूल, जुनं, वाजत नाही.’ फोटोत गेमचं पिस्तूल, टीव्हीवरच्या बदकांवर नेम धरायचं. आजकाल चांगल्या स्थितीत मिळतच नाही. सलीमभाई दुकान बंद करून गाडीला किक मारून थेट तेरखेड्याला. फटाक्यांचं गाव. विकणारे दत्तूकाका, सगळी हयात फटाके बनवण्यात गेलेली. मुंबईहून कुणी पाहुण्यानं ते पिस्तूल पोरांना दिलं होतं म्हणे.

काकांनी पिस्तूल समोर ठेवलं. मागच्या बाजूला व्यवस्थित भोक पाडून टिकल्या ठेवायला पत्र्याची वाटी बसवलेली! काम असं सुबक की कंपनीनं बघून शिकावं.

“लई टिकल्या घालून बघितल्या,” काका म्हणाले, “पण वाजंना.”

सलीमभाईंनी पिस्तूल उलटं करून बघितलं. टीव्हीला जोडायची वायर वीतभरच उरलेली.

“काका, ही वायर एवढीशीच होती का?”

“वायर व्हय ती? म्या वात समजलो.”

सलीमभाईंनी पिस्तूल जरा लांब धरलं. “बत्ती तर न्हाय ना दिली?”

“दिली की. दोन येळा.” काकांनी खेदानं मान हलवली. “ज्यानं बनवलंय ना, त्याला वातीतलं काय बी कळत न्हाय.”

•

आता हा किस्सा मला सांगायचा नव्हता, पण सर कुठंतरी सांगणारच.

साइटवर बोली लावताना खरं नाव दिसत नाही, आपण ठेवलेलं टोपणनाव दिसतं. माझं होतं ‘तुळजाई’. एका रविवारी दुकानात बसल्या बसल्या मला ‘सँडविच टोस्टर’ या नावाखाली एक गेम दिसला. काळा, चपटा, झकास. कुणाला सांगितलं नाही. अशा वेळी माणूस स्वार्थी होतो, काय करता! दोनशेची बोली लावली.

लगेच कुणी ‘वर्गशिक्षक’ नावाच्या माणसानं अडीचशे लावले. मी तीनशे. त्यानं साडेतीनशे. मी मनातल्या मनात त्याच्या सात पिढ्या काढत होते. समोर सर चष्मा पुसत पुटपुटत होते, “काय चिवट बाई आहे ही!”

तुम्हाला कळलं असेल. आम्हाला कळायला नऊशे रुपये लागले! मी बटण दाबलं की सरांचा मोबाइल वाजायचा आणि सरांनी दाबलं की माझा. दोघांनी एकदमच मान वर केली.

“सर, तुम्ही?”

“मीराताई, तुम्ही?”

पाच मिनिटं हसलो. मग सरांना शंका आली. “पण मला सांगा, टोस्टर असं चुकीचं नाव लिहिणारा हा विकणारा आहे तरी कोण?”

सलीमभाईंनी एका उघड्या टीव्हीत मान घातली ती बराच वेळ बाहेर काढली नाही.

बोली रद्द झाली. भजी सलीमभाईंकडून.

•

आणि सोनारीची बाई.

जाहिरात होती, ‘रेडिओ, जुना, चालू. येऊन बघावा. पोस्टानं मिळणार नाही.’ फोटो अगदी स्वच्छ. लाल-पांढरा गेम, खोक्यासकट. सलीमभाईंनी फोटो बघितला आणि हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. त्यांच्या लहानपणी गल्लीत एकाच घरात हा गेम होता. त्या घराच्या खिडकीबाहेर दोन विटांवर उभं राहून ह्यांनी दोन वर्षं दुसऱ्यांचे डाव बघितले. आत कुणी कधी बोलावलं नाही. आता दुकानात बारा गेम आहेत, पण हा नाही. आम्हाला हे त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं.

सलीमभाईंच्या व्हॅनमधून तिघंही निघालो. सोनारीत पोचलो तर देवाला आलेल्यांची गर्दी, नारळ, गाड्या. विचारत विचारत पिठाच्या गिरणीपाशी गेलो. पन्नाशी-पंचावन्नची बाई, शोभाताई. भुवयांवर पीठ.

मी साळसूदपणे म्हटलं, “ताई, रेडिओ बघायला आलो.”

“रेडिओ न्हाय त्यो,” शोभाताई म्हणाल्या. “ठाव हाय मला. पोराचा गेम हाय. पोरगं गेलं पुण्याला नोकरीला.”

“मग रेडिओ का लिहिलंत?”

“गेम लिवलं की कोण बी येतं आन् पैसे फेकून घेऊन जातं. रेडिओ लिवल्यावर ज्याला वळखू येतं त्योच येतो.” त्यांनी हात झटकले. “पैसे नको मला. माझ्यासंगं एक डाव खेळा. जिकला तर फुकट न्या.”

सलीमभाईंचा चेहरा असा उजळला! म्हणाले, “बसतो मी.” गिरणीला लागूनच्या खोलीत डबा टीव्ही, खाली सतरंजी. मोटारींच्या शर्यतीचा गेम. गडी पहिल्या वळणाला पुढं होता. दुसऱ्या वळणालाही पुढं.

तेवढ्यात एकजण ज्वारीचा डबा घेऊन दारात आला.

“ठिव तितं,” शोभाताई त्याच्याकडं मान वळवून म्हणाल्या. “बारीक का जाड?”

“बारीक.”

“चाळून आणलीस का?”

“आणलीय.”

मान परत टीव्हीकडं वळली तेव्हा त्यांची मोटार शर्यत जिंकलेली होती.

मग मी बसले. मी तर पहिल्याच वळणाला खड्ड्यात. सर आयुष्यात कधी गेम खेळले नव्हते, तेही बसले. त्यांची मोटार उलटी धावली आणि सुरुवातीच्याही मागं गेली. सलीमभाई आणखी दोनदा खेळले, दोनदा हरले, आणि दोन्ही वेळा लहान पोरासारखे मांडीवर हात मारून हसले. शोभाताईंनी पोहे केले. दुसऱ्या डावानंतर म्हणाल्या, “भाऊ, हात चांगला हाय तुमचा. येत जावा.”

गेम पुसून, वायर गुंडाळून सलीमभाईंनी स्वतःच्या हातानं खोक्यात ठेवला.

रिकाम्या हातानं बाहेर पडलो. व्हॅनपाशी आलो तर एक मोटारसायकल येऊन थांबली. दोन तरुण, पाठीला बॅगा, बार्शीकडचे वाटले. एकानं मोबाइलमधला तोच फोटो दाखवून हळूच विचारलं, “काका, हा रेडिओ गेला का राहिलाय?”

बत्तीस वर्षं मुलांना खरं बोलायला शिकवलेल्या जोगदंड सरांनी चष्मा नीट केला.

“आहे आहे, जा. लवकर जा. बाई फार साधी आहे!”