डाव्या बाजूची मोटर

एका शनिवारी सकाळी घरमालक अण्णा पाण्याच्या टाकीचा व्हॉल्व बघायला वर आले, त्या वेळी माझ्या ओट्यावर काचेच्या ग्लासात एक मोटर बुडालेली होती. तिला दोन वायरी लावलेल्या होत्या, ती आत गरगर फिरत होती आणि ग्लासातलं पाणी काळं झालं होतं. भाडेकरू म्हणून तोवर माझं नाव बरं होतं. नागपूरहून आलेली, आयटीत काम करणारी, एकटी राहणारी, मोठ्यानं गाणी न लावणारी बाई. अण्णा दारातच थबकले, ग्लासाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "काय अम्मा, मोटरला पाणी पाजतीस?"

अण्णांचं घराणं तीन-चारशे वर्षांपूर्वी इकडे कन्नड मुलखात आलेलं. त्यांचं बालपण बसवनगुडीत गेलं होतं. घरात मराठी, बाहेर कन्नड, आणि वाक्याच्या मध्यात कोणती भाषा सुरू झाली ते त्यांचं त्यांनाही कळायचं नाही. चाळीसेक वर्षं त्यांनी आम्ही राहतो त्या राजाजीनगरातच मिक्सरच्या मोटरी दुरुस्त करायचं दुकान चालवलं होतं. हे मला माहीत होतं. पण माझ्या छंदाशी त्याचा काही संबंध असेल हे दोन वर्षांत एकदाही डोक्यात आलं नव्हतं. मूर्खपणा माझा, दुसरं काय.

छंद असा, की आम्ही रिमोटवर चालणाऱ्या विजेच्या गाड्यांच्या रेस लावतो. गाडी हातभर लांब. आनेकलच्या अलीकडे एका कारखान्याच्या मागे डांबरी ट्रॅक आहे, तिथं महिन्यातून एका रविवारी रेस असते. मी 'स्टॉक' नावाच्या गटात खेळते. या गटात सगळ्यांना एकाच जातीची मोटर मिळते. दर तीन महिन्यांनी एका स्टीलच्या डब्यातून प्रत्येकानं न बघता एक मोटर उचलायची. तिच्या सांध्यावर लाल रंगाचा ठिपका दिलेला असतो. ठिपका तुटला की मोटर उघडली, आणि उघडली की तुम्ही बाद. म्हणजे आत हात घालता येत नाही. करता येतं ते एवढंच, की नवीन मोटर पहिल्यांदा नीट चालवून घ्यायची. आत कार्बनचे दोन छोटे तुकडे एका गोल तांब्यावर घासत असतात, त्यांना ब्रश म्हणतात. नवे ब्रश सपाट असतात आणि तांबं गोल. घासून घासून ब्रशला तांब्याचा गोलवा आला, की मग कुठे मोटर पूर्ण ताकदीनं पळते. हे काम हळू आणि जपून करायचं असतं. आमच्यातले बरेच जण मोटर पाण्यात चालवतात, कारण त्यानं ते लवकर होतं आणि इंटरनेटवर तसं दाखवलेलं असतं.

मीही तेच करत आले होते. आणि दोन वर्षांत एकदाही फायनलला गेले नव्हते. सकाळच्या फेऱ्यांतून पहिले दहा फायनलला जातात. मी तेरावी, चौदावी, एकदा अकरावी. ते अकरावं येणं तर फारच झोंबलं होतं. वळणांवर मी कुणाला ऐकत नव्हते, पण सरळ रस्ता आला की एकेक जण शेजारून असा निघून जायचा जसं मी पार्किंगला उभी आहे. आमचा चॅम्पियन पुण्याचा. सलग तीन सीझन जिंकलेला, आणि मदतीला तत्पर. त्याची मदत म्हणजे सल्ला. मोटर सगळ्यांना सारखीच असते, तू ड्रायव्हिंग सुधार, हे त्यानं मला इतक्या वेळा सांगितलं होतं, की तो तोंड उघडायच्या आधी मी ते वाक्य मनात म्हणून घ्यायचे. राग यायचा. त्याहून वाईट म्हणजे, तो बरोबर असेल अशी भीती वाटायची.

या शहरात ऑफिस सोडलं तर माझं स्वतःचं असं ते एकच होतं. तरी मी ठरवलं होतं, की येत्या रेसला दहांत आले नाही तर गाडी विकायची आणि विषय संपवायचा. आईला फोनवर तसं सांगूनही टाकलं होतं. आईला आनंद झाला होता, म्हणून जास्तच वाईट वाटत होतं.

तर ओट्यावर, पाण्यात, मागच्या सीझनची मोटर होती. नवीन मोटर मिळाली होती, पण ती अजून पुडीतच होती. ती बिघडवण्याआधी जुनीत काय चुकलं ते बघावं, असा माझा विचार होता. अण्णांनी व्हॉल्वचं काम बाजूला ठेवलं. मोटर पाण्यातून काढायला लावली, फडक्यानं पुसली, पंख्याखाली वाळवली आणि पुन्हा चालवायला सांगितली. डोळे मिटून ऐकलं. ही तर चांगली बोलतीय, म्हणाले, हिला काय धाड भरलीय? मी म्हटलं, गाडीत पळत नाही. मग गाडीत लाव, म्हणाले.

मी मोटर गाडीत बसवली, चाकं अधांतरी राहतील अशी गाडी डब्यावर ठेवली आणि रिमोट दाबला. अण्णांनी लगेच हात वर केला. मला वेगळं काही कळलं नव्हतं. त्यांना कळलं होतं. आवाजात बारीक खरखर होती, ओट्यावर नव्हती ती. त्यांनी खाली वाकून गाडीतल्या वायरी बघितल्या. मोटरची लाल वायर काळीला जोडलेली होती आणि काळी लालला. हे असं का, विचारलं. मी सांगितलं, की माझी गाडी जुन्या पद्धतीची आहे. बाकीच्यांची मोटर उजवीकडे असते, माझी डावीकडे. सरळ जोडली तर गाडी मागे जाते. ज्यानं मला गाडी विकली त्यानंच सांगितलं होतं, की हिच्या वायरी उलट्या जोडायच्या. मी दोन वर्षं न चुकता उलट्या जोडत होते.

"आणि त्या ग्लासात?" अण्णांनी विचारलं.

ग्लासात मी लाल लालला आणि काळी काळीला जोडत होते. सगळे तसंच करतात. इंटरनेटवरही तसंच असतं.

माझे कान तापले. अण्णांनी सावकाश समजावलं, पण तोवर मला सगळं दिसलं होतं. ब्रश आपल्या खोबणीत थोडा हलता असतो. मोटर ज्या बाजूनं फिरते त्या बाजूला तो जरासा कलतो आणि तसाच कललेला झिजतो. मी दोन वर्षं प्रत्येक मोटरीचा ब्रश एका बाजूला कलवून बसवत होते आणि मग रेसमध्ये तिला दुसऱ्या बाजूनं पळवत होते. अण्णांनी भिंग आणलं, मोटरच्या फटीतून टॉर्च मारला आणि मला दाखवलं. ब्रशच्या तोंडावर दोन चकाकणारे पट्टे होते, दोन काठांना एकेक, आणि मधे सगळं मळकट. तिला धड इकडचं होता आलं नव्हतं, ना तिकडचं. मी ओट्याला टेकून हसत सुटले. रडायचंही होतं, पण अण्णांसमोर बरं दिसलं नसतं.

नवीन मोटरचे ब्रश आम्ही त्यांच्या पद्धतीनं बसवले. पाण्याचा ग्लास त्यांनी स्वतः धुऊन मांडणीवर ठेवला. मिक्सर गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी ते तो बल्बमधून जोडून मंद चालवायचे, म्हणजे विजेचा जोर निम्मा होतो आणि ब्रश घाई न करता बसतो. इथं टॉर्चचे दोन मोठे सेल पुरले. वायरी उलट्या, गाडीत असतात अगदी तशा. दहा मिनिटं चालवायची, मग थांबवून कवचाला अंगठा लावून बघायचं. गरम वाटली तर गार होऊ द्यायची. दोन्ही टोकांना शिवणयंत्राचं तेल, तेही काडीच्या टोकावर मावेल तेवढंच. मी दर वेळी घाई करायचे आणि अण्णा म्हणायचे, "स्वल्प थांब." तीन दिवस, ऑफिस सुटल्यावर चहा घेत घेत आम्ही एवढंच केलं. पहिल्या दिवशी तिचा आवाज कोरडा होता. तिसऱ्या दिवशी तो इतका मऊ झाला, की मोटर चालू आहे हे मला टेबलाला हात लावून कळलं. भिंगातून बघितलं तर ब्रशचं अख्खं तोंड काचेसारखं झालं होतं. अण्णा एवढंच म्हणाले, "सरी." म्हणजे, जमलं.

रेसला ते माझ्याबरोबर आले. आपण बसवलेली मोटर कुठं जातीय ते बघायला नको का, असं त्यांचं म्हणणं. डोक्याला टोपी, हातात चित्रान्नाचा, लिंबू पिळलेल्या पिवळ्या भाताचा डबा. ट्रॅकच्या कडेला खुर्ची टाकून बसले आणि पहिल्या फेरीला सगळ्या गाड्या एकदम सुटल्या तेव्हा त्यांनी कानांवर हात ठेवले. मग काढले. मग पुढे झुकून बसले.

आम्ही चालवणारे एका उंच लोखंडी मचाणावर ओळीत उभे राहतो. सकाळच्या फेरीत मी पहिलं वळण घेतलं, सरळ रस्त्याला लागले आणि सवयीनं कडेला सरकले, मागच्यांना वाट द्यायला. मागून कुणी आलंच नाही. उलट पुढची गाडी जवळ येत होती. मला वाटलं त्याची बॅटरी गेली. पुढच्या चक्करला दुसरी गाडी जवळ आली, तेव्हा कुठे मला समजलं. दोन वर्षं मरतुकडी मोटर घेऊन मी ब्रेक न लावता वळायला शिकले होते, कारण हरवलेला वेग परत मिळणार नव्हता. आता वेगही होता आणि वळणंही. मी आठवी आले. फायनल. पहिला फोन आईला केला, आणि तिला काही बोलू न देता सांगून टाकलं, की गाडी राहणार.

फायनल पाच मिनिटांची असते. पहिल्या मिनिटात दोघं आपसात धडकले आणि मला सहावी जागा फुकटात मिळाली. पुढच्या सगळ्या कमावल्या. शेवटच्या मिनिटाला माझ्यापुढे पुण्याची निळी गाडी होती. वळणावर तिला घेता येत नव्हतं, तो रस्ता सोडत नाही. मी घेतलं ते सरळ रस्त्यावर. जिथं तो दर महिन्याला मला मागे टाकायचा, तिथं त्याच्या शेजारून मी निघून गेले. मचाणावर तो माझ्या शेजारीच उभा होता. त्यानं मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी बघितलं नाही, पण सुख फार झालं. मी तिसरी, तो चौथा.

आणि मग त्यानं क्लेम टाकला. आमच्याकडे नियम आहे. एखाद्याची मोटर संशय यावा इतकी पळाली, तर त्याच्या मागे आलेला खेळाडू ती मागू शकतो, बदल्यात आपली देऊन. द्यायची नसेल तर देऊ नका, पण मग आपला नंबर जातो. दोन वर्षांत हा नियम कुणी वापरलेला मी बघितला नव्हता. तो टेबलापाशी गेला आणि माझी मोटर मागितली. तपासणाऱ्यानं भिंग लावून लाल ठिपका बघितला. अखंड होता.

तीन दिवसांचं काम ते. तिसरा नंबर सोडावा आणि मोटर ठेवावी, असं एक क्षण खरंच वाटलं. मी अण्णांकडे गेले आणि काय झालं ते सांगितलं. ते चित्रान्न खात होते. घास संपवून त्यांनी विचारलं, त्याच्या गाडीत मोटर कुठल्या बाजूला असते? उजव्या, मी म्हटलं. अण्णांच्या मिशा हलल्या.

"देऊन सोड," ते म्हणाले. "त्याची घे आणि घरी चल. चार दिवस आहेत की आपल्याकडे."

मी मोटर काढून दिली. त्यानं आपली दिली, उजव्या बाजूनं बसलेली, चॅम्पियनची. तो मनापासून आभार मानत होता. माझी मोटर का पळते याचं खरं कारण त्याला तेव्हाच सांगायला हवं होतं हे मला कळतं. मी महिनाभर सांगितलं नाही. मी काही एवढी भली बाई नाही.

चार दिवस म्हणाले होते, पण त्या मोटरीला अकरा लागले. जुना कल पुरता जायला वेळ लागतो आणि अण्णा घाई करू देत नाहीत. पुढच्या महिन्यात निळी गाडी सरळ रस्त्यावर खरखरत चालली आणि फायनलच्या बाहेर राहिली. रेस संपल्यावर तो माझ्याकडे आला. हातात रिमोट तसाच होता. तुझी मोटर माझ्याकडे मेली, पुणेरी आवाज जरा खाली आणून तो म्हणाला, आज तू कोणती लावली होतीस? मी ट्रॉफी काखेत धरून त्याला सांगितलं, "तुझी."