जाळीच्या कपाटाचा जीर्णोद्धार

जुनं लाकूड दिसलं की आमच्यासारखा माणूस त्यावर बोटाच्या पेराने टकटक करतो, मान तिरकी करून आवाज ऐकतो आणि म्हणतो, “बर्मा टीक.” त्याच्यासमोर साग आणि आंबा शेजारी ठेवून ओळखायला सांगा, घाम फुटेल. पण वस्तू आजोबांची म्हटली की ती बर्मा टीकच. देव्हारा बर्मा टीक, पाट बर्मा टीक, लाटणंसुद्धा. सगळ्या मराठी आजोबांनी मिळून ब्रह्मदेशात एक झाड शिल्लक ठेवलं नसावं. या टकटक करणाऱ्या लोकांची मला मनापासून कीव येते. तो अधिकार मी कमावलाय, कारण त्यांच्यातला सगळ्यात मोठा गाढव मीच.

आजी-आजोबांच्या स्वयंपाकघरात जाळीचं कपाट होतं. छातीइतकं उंच, दोन दारं, दारांना आणि बाजूंना तारेची बारीक जाळी, आत तीन फळ्या. घरात फ्रिज येण्याआधी दूध, साय, लोणी, उरलेली भाजी, सगळं त्यात. मुंग्या चढू नयेत म्हणून चार पायांखाली पाणी भरलेल्या चार दगडी वाट्या. वर हिरवा ऑइलपेंट, त्याखाली आणखी कुठले कुठले रंग. वाशीच्या जुन्या वसाहतीतलं ते तळमजल्याचं घर पुनर्विकासात पाडायचं ठरलं आणि सामान हलवायची वेळ आली. सगळ्या नातेवाइकांनी तांबं-पितळ उचललं. जाळीचं कपाट कोणाला नको होतं.

एका आत्याला मात्र हवं होतं. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण, सत्तरी ओलांडलेली, डोंबिवलीला मुलाकडे राहते. त्या घरात हे कपाट कुठेच बसणार नाही, असं सुनेने टेप लावून सिद्ध केलं होतं. शेवटी आत्याने मला फोन केला. म्हणाली, “माझ्या माहेरचं तेवढंच उरलंय रे. तू ने. पण संक्रांतीला येईन तेव्हा मला ते ओळखू आलं पाहिजे.”

मी म्हणालो, “अगं आत्या, म्युझियममध्ये ठेवल्यासारखं ठेवीन.”

हा शब्द मी पाळला, हेच वाईट झालं.

कपाट नेरूळच्या आमच्या सोसायटीत आलं आणि मी फोनवर व्हिडिओ बघायला लागलो. त्यात दाढीवाले गोरे लोक जुनी कपाटं खरवडून आतून सोनं निघाल्यासारखं लाकूड काढतात, मागे पियानो वाजत असतो. तीन व्हिडिओ बघून मी तज्ज्ञ झालो. आजोबा गोदीत कारकून होते, आणि हे कपाट त्यांनी विलायतेला परतणाऱ्या एका साहेबाच्या बंगल्यातून आणलं, अशी आमच्या घरात कथा होती. म्हणजे हिरव्या रंगाखाली बर्मा टीक असणार, यात शंकाच नको. मी टकटक केली. आवाज मला उच्च कुळातला वाटला.

बायकोने विचारलं, “आत्यांनी रंग काढायला सांगितलाय का?” मी तिला वारसा, जतन, मूळ स्वरूप असे शब्द ऐकवले. ती “बरं” म्हणाली. तिच्या त्या एका ‘बरं’मध्ये माझ्या वीस वर्षांच्या सगळ्या उद्योगांची यादी असते.

मग सलग पाच रविवार मी पार्किंगमध्ये पत्र्याची पट्टी आणि सॅंडपेपर घेऊन बसलो. हिरव्याखाली निळा निघाला, निळ्याखाली साय-रंग, त्याखाली पुन्हा हिरवा. येणारे-जाणारे थांबायचे, मी न विचारता माहिती द्यायचो. लोकांना वाटायचं याची नोकरी सुटलीय. जाळी गंजलेली होती, आणि उजव्या दाराच्या जाळीला तर खाली तळहाताएवढं ठिगळ होतं, तांब्याच्या तारेने शिवलेलं, तेही बेंगरूळ, एका बाजूने उचकटलेलं. ते बघून मला आजोबांची लाज वाटली. सगळी जाळी उपटून मी कचऱ्याच्या कोपऱ्यात ठेवली आणि चकचकीत स्टीलची जाळी ठोकली. दगडी वाट्या फार सुंदर दिसत होत्या, त्यांत माती घालून छोटे निवडुंग लावले.

पाचव्या रविवारी पाठीमागच्या फळीवर माझं भाग्य उजळलं. शेवटच्या रंगाखालून काळ्या शाईतली एक छत्री निघाली. उघडलेली, दांड्यासकट. मी फळीसमोर मांडी घालून बसलो. छत्र. राजचिन्ह. म्हणजे साहेबही नाही, साहेबाच्या आधी हे कपाट कुठल्यातरी संस्थानिकाच्या मुदपाकखान्यात होतं. मी फोटो काढला आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘आमच्या घराण्यातली एक ठेव. छत्राची ओळख पटवण्याचं काम चालू आहे.’ घराण्यातली. आमच्या घराण्यात आजवर कुणाकडे स्वतःची छत्रीसुद्धा चार महिने टिकलेली नाही.

दहा मिनिटांत तिसऱ्या मजल्यावरचे शेजारी चहाचा कप घेऊन खाली आले. न्हावा शेव्याला क्लिअरिंग एजंट आहेत, आयुष्य बंदरातल्या मालात गेलेलं. ते वाकले, फळी बघितली, एक घोट घेतला.

“भाऊ, ही छत्री म्हणजे माल भिजवू नका,” ते म्हणाले. “खोक्यावर मारतात. शेजारी ग्लास पण असेल बघा, म्हणजे आत फुटणारी वस्तू आहे.”

शेजारी ग्लास होता. अर्धा. उरलेला अर्धा मी राजचिन्हाच्या शोधात खरवडला होता.

“देवदार आहे हे, खोक्याचं लाकूड. आणि हा बाण बघा. वरची बाजू दाखवतो, तो इथे खाली चाललाय.” त्यांनी कप रिकामा केला. “तुमचं संस्थान उलटं उभं आहे, टेन्शन घेऊ नका.”

एवढं बोलून ते जिना चढून गेले. ग्रुपवर त्यांनी काही लिहिलं नाही, हा त्यांचा मोठेपणा. बाकीच्यांनी लिहिलं.

मी मात्र अजून स्वतःवर खूश होतो, ही गोष्ट सांगायला आज लाज वाटते. देवदार तर देवदार, मी त्याला पॉलिश मारलं. त्याचा रंग मावा जळल्यावर होतो तसा झाला. कपाट हॉलमध्ये ठेवलं, वर लहानसा दिवा लावला, आत काहीच ठेवलं नाही. म्युझियममध्ये ठेवत नाहीत.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी आत्या आली. चप्पल काढली, हॉलमध्ये नजर फिरवली, पाणी प्याली आणि विचारलं, “कपाट कुठंय?”

मी दोन्ही हात पुढे करून दाखवलं, दुकानदार शालू दाखवतो तसं.

आत्या उठली. जवळ गेली. दार उघडलं, लावलं. मग खाली वाकून निवडुंगांकडे बघितलं. “मुंग्यांच्या वाट्यांत काटे पेरलेस,” ती म्हणाली. मग उजव्या दाराच्या खालच्या कोपऱ्यावरून, नव्या जाळीवरून, तिने हात फिरवला. एकदा, दोनदा. “हे आमचं नाही. इथे ठिगळ होतं.”

मी म्हणालो, “ते होय? ते काढून टाकलं. अगदी घाणेरडं शिवलेलं होतं.”

ती खुर्चीत बसली आणि तिने जे सांगितलं ते घरात कुणाला माहीत नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. साहेब वगैरे काही नव्हता. आजोबांनी गोदीतली मोडकी खोकी मागून घेतली आणि तिथल्याच एका सुताराकडून कपाट करून घेतलं. आत्या तेव्हा नऊ वर्षांची. एका दुपारी आजी झोपलेली असताना आत्याने आजोबांच्या पकडीने जाळी कापली, बरोबर दुधाच्या पातेल्यासमोर, आणि भोकातून बोटं घालून साय खाल्ली. आठवडाभर. आळ शेजारच्या मांजरावर आला. मग एका रविवारी आजोबा तांब्याची तार घेऊन बसले आणि त्यांनी भोकावर ठिगळ शिवलं. सगळीकडून शिवलं, एक बाजू सोडून. तिथे दोन बोटं जातील एवढी फट ठेवली.

“नऊ वर्षांच्या मुलीची दोन बोटं,” आत्या म्हणाली. “मांजराचा पंजा नाही जात त्यातून. मला कधी बोलले नाहीत. मीही नाही बोलले. माहेरी गेले की मी आधी तिथं हात लावायचे.” मग माझ्याकडे बघून म्हणाली, “घाणेरडं शिवलं होतं म्हणे. तुझ्या आजोबांचा हात सुताराहून साफ होता रे, दिवट्या.”

तिळगुळाचं ताट तिने घेतलं नाही. आणखी चार दिवस इथेच आहे, जाळी मिळाली तर सांग, एवढंच म्हणाली आणि पेपर उघडला.

कचऱ्याच्या कोपऱ्यात अर्थातच जाळी नव्हती. वॉचमनने सांगितलं की सोसायटीत मासे विकायला येणारी मावशी घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाडीकडच्या गावात तिचं घर शोधत गेलो. घर कसलं, चार मजली इमारत तिची स्वतःची, खाली भाडेकरू. मावशी गच्चीवर होती. बोंबील वाळत घातलेले आणि त्यांच्यावर, दगडांनी दाबून, आमची जाळी. ठिगळाशेजारी एक कावळा हताश बसलेला.

मी सगळी गोष्ट सांगितली. आत्या, साय, दोन बोटं. मावशीने शांतपणे ऐकलं.

“मना वाटला तुमाला नको हाय,” ती म्हणाली. “एवरी बारीक जाली कुनी टाकतं काय? मी म्हनलं, शिकलेली मानसं हायेत, असल काय कारन.” मी जाळीला हात घातला तर तिने माझं मनगट धरलं. “आनि माझ्या बोंबलांवर काय तुमी बसनार?”

हा पर्याय तिने विचारात घेतलाय असं मला क्षणभर वाटलं. मग मी घरी गेलो, कपाटावरची चकचकीत स्टीलची जाळी उपटली आणि परत जाऊन तिच्या हवाली केली. तिने ती उन्हात धरली, भोकातून एक बोट घातलं, तोंड वाकडं केलं. “माशा जातील यातून. चालंल. दुहेरी घालीन.”

ज्या जाळीला मी आजोबांच्या जाळीपेक्षा श्रेष्ठ समजलो होतो, ती माशांनासुद्धा अडवत नव्हती.

आमच्या घरात मासे खात नाहीत. जाळी लिंबाने धुतली, राखेने घासली, दोन दिवस बाल्कनीत टांगली. बोंबील गेले नाहीत. तरी तिसऱ्या दिवशी मी ती परत ठोकली, बायकोने कपाट हॉलमधून स्वयंपाकघरात ओढून नेलं, वाट्यांतले निवडुंग उपटून पाणी भरलं आणि खालच्या फळीवर, ठिगळासमोर, दुधाचं पातेलं ठेवलं. मी म्हणालो, वास लागेल दुधाला. बायको “बरं” म्हणाली.

आत्या स्वयंपाकघरात आली. पदर नाकाला लावला, मग काढला. खाली बसली आणि ठिगळाच्या उघड्या बाजूला दोन बोटं नेली. गेली नाहीत. सांधे सुजलेले, पेरं जाड झालेली. तिने एक बोट घालून बघितलं, तेही पेरापर्यंतच. बोट तिने तिथेच टेकवून ठेवलं.

“आहे,” ती म्हणाली. “हेच आहे.”

तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मला वाटलं, आपणही या प्रसंगात काहीतरी करायला हवं. मी खाली बसलो आणि जोर लावून माझी दोन बोटं फटीत घातली. आत गेली, आणि बाहेर येईनात. तांब्याची तार पेरांमागे घट्ट बसली. पलीकडे साय दोन इंचांवर होती. मी ओढलं, तर कपाट हललं आणि वाट्यांतलं पाणी सांडलं.

बायको तेलाची बाटली आणायला गेली. आत्याने तिला हाक मारून सांगितलं की सावकाश आण, काही घाई नाही. मग तिने दुसरं दार उघडलं, पातेल्यातली साय बोटावर घेतली आणि माझ्यासमोर बसून खाल्ली.