उशीला बांधलेले हात

पडद्यावरचा केशरी डाग इतका देखणा होता, की सुंदरम सरांनी चष्मा पुसून तो पुन्हा पाहिला. सर आमचे विभागप्रमुख. शुक्रवारी निधी समितीपुढे प्रकल्प मांडायचा होता; समितीला तो पटला नाही, तर काम तिथेच थांबणार होते. माझी तीन वर्षे त्या डागात होती.

डाग कशाचा, ते सांगते. मेंदूच्या खोल गाभ्यात, दोन्ही बाजूंना, स्ट्रायटम नावाचा पेशींचा पुंजका असतो. हालचालींची आणि सवयींची घडी तिथे बसते. माणूस एमआरआय यंत्रात नुसता पडून असतानाही त्या पुंजक्यातला रक्तप्रवाह भरती-ओहोटीसारखा हळूहळू वर-खाली होत असतो. मेंदूचा दुसरा एखादा भाग त्याच लयीत वर-खाली झाला, तर दोघांचे नाते आहे असे आम्ही धरतो. असा स्कॅन म्हणजे रेस्टिंग स्कॅन. आमच्या चित्रात निरोगी वृद्धांच्या स्ट्रायटमचे नाते हात हलवणाऱ्या भागाशी दाट दिसत होते. कंपवाताच्या रुग्णांत ते पार विरले होते. दोन गटांतला हा फरक म्हणजे तो केशरी डाग.

"फार स्वच्छ आहे," सर म्हणाले. "इतकं स्वच्छ सहसा येत नाही. स्कॅनच्या वेळी काही वेगळं घडत होतं का, सेल्वीला विचारा."

सेल्वी आमची टेक्नॉलॉजिस्ट. शहराच्या पार उत्तर टोकाच्या एन्नोरहून दोन बस बदलून येते. यंत्र म्हणजे मोठे चुंबक आणि पिन लोखंडी, म्हणून अबोलीचा गजरा दाराबाहेर काढून ठेवते आणि मग त्या गार खोलीत शिरते. यंत्राच्या ठोक्यांतला बारीक फरक तिला काचेपलीकडून कळतो. मी विचारले, तेव्हा तिने निळे रजिस्टर पुढे सरकवले.

"लिहिलंय ना, मॅडम. शेऱ्याच्या रकान्यात. तुम्ही वाचता असं वाटलं."

शेरे तमिळमध्ये होते. चेन्नईत येऊन मला वीस वर्षे झाली. मी तमिळ बोलते, तमिळमध्ये भांडतेही. पण वाचता येत नाही. डोके हलले नाही ना, एवढे आकड्यांत पाहायचे आणि त्या वळणदार अक्षरांवरून पुढे जायचे, असे माझे तीन वर्षे चालले होते.

सर रजिस्टर मांडीवर घेऊन मोठ्याने वाचू लागले. एक शब्द पानापानावर येत होता: विरल. म्हणजे बोट. चादरीखाली उजव्या हाताची बोटे हलत आहेत, असे सेल्वीने लिहिले होते. ज्यांच्यापुढे हा शेरा होता, ते सगळे निरोगी गटातले होते.

त्याच गटातल्या कमलाबाई तिरुवल्लिकेणीला राहतात. निवृत्त शिक्षिका, तंजावरकडच्या मराठी घरातल्या. त्यांना फोन केला. त्यांच्या मराठीला तमिळचा हेल आहे, ऐकताना वाक्य शेवटाशी झोका घेते.

"निवांत पडा म्हणालीस तूच. रिकामं पडून काय करायचं? राम म्हटलं. त्यालाही तुझी सही लागते काय गं?"

अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवत त्या जप करत होत्या. इतरांनीही बहुधा तेच केले होते. रुग्णांना ते शक्य नव्हते, कारण थरथर आवरावी म्हणून त्यांचे हात आम्हीच उशीला पट्ट्याने बांधत होतो. बोटे हलली, की स्ट्रायटम आणि हात हलवणारा भाग एकाच लयीत वर-खाली होतात; त्यामुळे डाग आजाराचा की उशीचा, हे आता कुणालाच सांगता आले नसते.

सरांनी स्वतःच ते चित्र सादरीकरणातून काढले. शुक्रवारी त्या जागी रजिस्टरच्या एका पानाचा फोटो होता. ही चूक माझ्या विभागाची आहे आणि ती या बाईंच्या नोंदीमुळे सापडली, असे त्यांनी समितीला सांगितले. सेल्वी मागच्या खुर्चीत पदर मुठीत धरून बसली होती. समितीने स्कॅन पुन्हा करण्यापुरता निधी दिला.

उशी दोन्ही गटांना द्यावी, ही सूचना सेल्वीचीच. कमलाबाई पुन्हा आल्या, हात बांधू दिले, आणि म्हणाल्या, "मनातल्याला कुठली उशी लावणार?" सर हसले.

नव्या चित्रातला डाग फिकट आहे, नखाएवढा. पण आहे. शोधनिबंधाच्या लेखकांत तिसरे नाव सेल्वीचे आहे.

निवांत पडा असे सांगण्याआधी, एरवी निवांतपणी काय करता, हे आता आम्ही विचारतो. शेऱ्याचा रकाना मी आता स्वतः वाचते, अक्षर अक्षर जुळवत. एका पानाला पाऊण तास लागतो.