शाल, नारळ आणि उजवीकडचं तबक

सत्कार झालेल्या माणसाच्या घरी शाली साठतात आणि सत्कार करणाऱ्याकडे किस्से! माझ्याकडे तर इतके साठलेत की लग्नाच्या पंगतीला बसलो तरी कोणीतरी लांबून ओरडतं, "सर, तो हेल्मेटचा सांगा!" मग मी सांगत बसतो आणि माझी जिलेबी ताटातच राहते.

आमच्या मंडळाचं काम एकच. भीमेच्या अलीकडे शिरूर, पलीकडे दौंड. या दोन तालुक्यांत कोणी चांगलं काम करताना सापडला की त्याला धरायचं, स्टेजवर आणायचं आणि सत्कार करायचा. बॅनरवर पदाधिकाऱ्यांची नावं भरपूर असतात, पण खरे कामाचे आम्ही चौघंच. अध्यक्ष बाजीराव आबा झेंडूचे बागायतदार आहेत. हार घरचेच, त्यामुळे अध्यक्षपदही घरचंच! फेटे बांधतात शंकरमामा. तबकं लावतात कुसुमताई. आणि माइकवर मी, निवृत्त मास्तर. माइक हातात आला की माझं वय वीस वर्षांनी कमी होतं, असं आमची मंडळी म्हणतात. त्या हे कौतुकानं म्हणत नाहीत.

तर आधी हेल्मेटचाच.

*

कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत संतोष नावाचा ऑपरेटर आहे. हायवेला अपघात झाला की बाकीचे मोबाईल काढतात, हा बाइक बाजूला लावून पळत सुटतो आणि जखमींना दवाखान्यात पोचवतो. आम्ही ठरवलं, याचा सत्कार झालाच पाहिजे! कार्यक्रम सकाळी अकराला. संतोषची सेकंड शिफ्ट, म्हणजे तीनला हजर व्हायचं. भरपूर वेळ होता, असं आम्हाला वाटलं.

पण आमच्याकडे रीत अशी की आधी प्रमुख पाहुण्यांचा सत्कार. मग पाहुण्यांबरोबर आलेल्यांचा. मग जागा देणाऱ्याचा, मंडप देणाऱ्याचा, आणि ज्यांचा केला नाही तर रुसतील अशा सगळ्यांचा. हे सगळं उरकून मी छाती फुगवून पुकारलं, "आणि आता, ज्या क्षणाची आपण सारे आतुरतेनं वाट पाहत आहोत..." बघतो तर संतोषची खुर्ची रिकामी! खुर्चीवर चिठ्ठी होती. "सर, शिफ्ट आहे. कार्यक्रम छान झाला."

आबा पेटलेच. "आसं कसं जातंय? चला कंपनीत!"

हार, शाल, नारळ, फेटा घेऊन आम्ही चौघं जीपमधून कंपनीच्या गेटवर. आत कोण घेणार? शेवटी सुपरवायझरला दया आली. चहाच्या सुट्टीत त्यानं संतोषला गेटपर्यंत सोडलं, पण गेटच्या रेषेबाहेर नाही. मामांनी फेटा उलगडला, तर सिक्युरिटीवाला आडवा आला. "हेल्मेट नहीं उतरेगा! अंदर कंपल्सरी है!"

मामांनी त्या पिवळ्या हेल्मेटवर एकदा टिचकी मारली. "डोक्यापरीस ह्येच बरं. हालत तरी न्हाई!" म्हणाले, आणि रेषेबाहेर उभं राहून हेल्मेटवरच असा झोकदार फेटा बांधला की सिक्युरिटीवाल्यानं सॅल्यूट ठोकला. पुढं वर्षभर कंपनीच्या सेफ्टीच्या बोर्डावर तोच फोटो होता.

*

सणसवाडीच्या रामबाबूचा सत्कार म्हणजे आमच्या अब्रूचा प्रश्न झाला होता. हा बिहारचा, चहाची टपरी चालवतो. गावाकडून नवीन पोरं कामाला आली की त्यांना खोली बघून देतो, बँकेचा फॉर्म भरून देतो, पहिल्या पगारापर्यंत जेवू घालतो. असा माणूस सोडून चालेल का?

फ्लेक्स करायला टाकला. आबांचा हट्ट, "फोटूभवती झेंडू पायजेच!" फ्लेक्सवाल्यानं आबांचं मन राखलं आणि रामबाबूच्या फोटोला गळ्याबरोबर टपोऱ्या झेंडूचा हार घातला. कोणीतरी तो फ्लेक्स स्टेटसला ठेवला. स्टेटस फिरत फिरत बिहारला गेलं.

कार्यक्रमाच्या सकाळी रामबाबू धापा टाकत मंडपात. "सरजी, पहले ये उतारिए! गाँव में अम्मा छाती पीट रही है!"

आम्ही तिथल्या तिथं व्हिडिओ कॉल लावला. अम्मा काही केल्या मानेना. "ई पुराना वीडियो है," म्हणे. मग मामा पुढं सरसावले. एका हातात फोन, दुसऱ्या हातानं रामबाबूच्या डोक्याला फेटा गुंडाळतायत आणि वर ओरडतायत, "माताजी, तुम्हारा लडका एकदम जिंदा हय! मय खुद उसका डोका बांध रहा हय!"

लेकाच्या डोक्याला फडकं गुंडाळलेलं बघून अम्मा आणखी जोरात रडायला लागली! शेवटी रामबाबूनं स्टेजवर चार उड्या मारून दाखवल्या तेव्हा कुठं तिकडं चूल पेटली. त्या दिवसापासून आबांच्या झेंडूला फ्लेक्सवर बंदी आहे.

*

आता कुसुमताईंबद्दल सांगतो. ताई आमच्या गावच्या आशाताई, म्हणजे आरोग्य खात्याच्या आशा सेविका. कोणाच्या सुनेला कळा सुरू झाल्या की पहिला फोन ताईंना. मग वेळ कुठली का असेना, ताई तिच्याबरोबर दवाखान्यात. आज गावात जी पोरं सायकली फिरवतायत त्यांतल्या कित्येकांना आईच्या आधी ताईंनी हातात घेतलंय.

एकदा प्रमुख पाहुणे होते एक निवृत्त साहेब. साहेब भाषणात रंगलेले, ताई बाजूला तबक धरून उभ्या. तेवढ्यात त्यांचा फोन थरथरला. ताईंनी ऐकलं, तबक मामांच्या हातात दिलं आणि स्टेजवरून उतरल्या. गावची ॲम्ब्युलन्स दुसरीकडं गेलेली. दारात साहेबांची पांढरीशुभ्र गाडी उभी. ताईंनी कळा सुरू झालेल्या बाईला मागच्या सीटवर बसवलं आणि ड्रायव्हरला सांगितलं, "चला! सायबांनीच सांगितलंय!"

इकडं साहेब म्हणाले, "शेवटी एवढंच सांगतो..." आणि आबा माझ्या कानाशी. "गाडी गेली. बोलता ठेव!"

मी माइकवर झडप घातली. "साहेब, असं कसं? आपण आपल्या बालपणाविषयी काहीच बोलला नाहीत!" साहेबांना इतका आनंद झालेला मी पहिल्यांदाच बघितला. बालपण झालं, शाळा झाली, पहिलं पोस्टिंग झालं. लोक एकेक करून उठायला लागले, आणि ताईंचा फोन आला. मुलगी! दोघी सुखरूप!

मी ते माइकवरून जाहीर केलं, गाडीसकट. साहेबांनी आधी रिकाम्या दाराकडं बघितलं. मग खो खो हसले. "इतकी वर्षं सरकारी गाडी फिरवली," म्हणाले, "पण गाडीचा एवढा चांगला उपयोग आजच झाला." बालपणाचा राहिलेला भाग मात्र त्यांनी पूर्ण केलाच.

*

त्याच रात्री मी ताईंचं मानपत्र लिहिलं. माझं आजवरचं सगळ्यात चांगलं मानपत्र, अगदी एका दमात! दुसऱ्या दिवशी ताई तबकं घासत बसल्या होत्या. मी उत्साहानं सांगितलं, "ताई, पुढचा सत्कार तुमचा!"

ताईंनी मान वर केली नाही. "कुठल्या तबकातनं, सर?"

मी हसलो. मला वाटलं, ताई गंमत करतायत.

आता ही तबकांची भानगड सांगायला हवी. आमच्या टेबलावर दोन तबकं असतात. डावीकडच्यात हळदी-कुंकवाचा करंडा, शाल, नारळ. उजवीकडच्यात नुसती शाल, नारळ आणि गुलाबाचं फूल. सत्कारमूर्ती सवाष्ण असेल तर डावीकडचं तबक. तिचा नवरा गेलेला असेल तर उजवीकडचं. हे कोणी कुठं लिहून ठेवलेलं नाही. ताई आपल्या आपण बरोबर उचलतात. आणि ताईंचा नवरा जाऊन बरीच वर्षं झालीत.

"हसू नका, सर," ताई म्हणाल्या. "स्टेजवर चार बाया वळीनं बसणार. सरपंचताई एकेकीला कुंकू लावत येणार आन् माझ्याम्होरं आल्या की बोट पुसून फूल देणार. समद्या गावानं त्ये बघायचं. मला न्हाई सोसायचं. मी तबक धरते, त्येच बरं हाय."

मी आबांकडं गेलो. म्हटलं, कुंकूच बंद करून टाकू. आबांनी डोकं खाजवलं. "मंग बाकीच्या बाया काय म्हणत्याल?" ताईंनाही ते पटलं नाही. "माझ्यापायी दुसरीचं कशाला काढता?"

खोटं कशाला बोलू? इतकी वर्षं मी माइकवर होतो, पण कुंकू लावायची वेळ आली की ताई तबक पुढं करून दोन पावलं मागं सरतात, हे मला त्या दिवसानंतर दिसायला लागलं. एकदा दिसलं, मग प्रत्येक कार्यक्रमात दिसायचं. मला माझीच लाज वाटायची. मी दर वर्षी विचारायचो, ताई दर वर्षी नाही म्हणायच्या. मानपत्र माझ्या जाकिटाच्या आतल्या खिशात. चार वर्षं ते तिथंच होतं.

*

आणि आता हिराआजींचा सत्कार!

हिराआजी धनगराच्या. त्यांचे सासरे मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे. आता लेकांचा ऊस आहे, भाजीपाला आहे, घराला स्लॅब आहे. गावात आरोग्य उपकेंद्राला जागा मिळेना तेव्हा आजींनी रस्त्याकडेचा बांधालगतचा तुकडा देऊन टाकला. लेक कुरकुरले, तर म्हणाल्या, "माझी चार बाळंतपणं मेंढरांमागं झाली. सुनंचं छपराखाली हू दे." त्याच उपकेंद्रात आज ताई बसतात.

कार्यक्रम सकाळचा, पण ऊन चढलेलं. आबांना आपल्या हारांची काळजी. हार टेबलाच्या ज्या कडेला होते तिथं ऊन आलं, म्हणून आबांनी दोन माणसं लावून अख्खं टेबलच फिरवलं. हार सावलीत गेले. आणि डावीकडचं तबक उजवीकडं! धुळीसाठी दोन्हींवर एकसारखे लाल रुमाल झाकलेले. ताई त्या वेळी एका बाईला दवाखान्यात सोडायला गेलेल्या.

ताई पळत पळत स्टेजवर आल्या तेव्हा मी आजींचं नाव पुकारलंच होतं. आजी काठी टेकत, लुगडं सावरत वर चढल्या. आजींचे मालक कधीच गेलेले, म्हणून ताईंनी सवयीनं उजवीकडचं तबक उचललं, आजींपुढं आल्या आणि रुमाल काढला.

आमच्या सरपंचताई नवीन. करंडा दिसला, बोट बुडवलं, हात वर नेला आणि आजींच्या कोऱ्या कपाळापुढं हात थांबला. तसाच हवेत! सरपंचताईंनी आबांकडं बघितलं, आबांनी माझ्याकडं, मी मामांकडं, आणि मामांनी हातातल्या फेट्याकडं. माझ्या हातातला माइक तसाच चालू!

ताईंनी तबक मागं ओढलं. "माझं चुकलं, आजी. थांबा, बदलून आणते."

"बदलायचं कशाला?" आजी म्हणाल्या. माइक जवळ होता, त्यामुळे सगळ्या मंडपाला ऐकू गेलं. "कुंकू संपलं व्हय?"

"न्हाई आजी, पण..."

"मंग लाव की गं पोरी. कवाधरनं हात वर धरलायस, दुखंल की!"

आणि आजींनी सरपंचताईंचं मनगट धरून ते बोट स्वतःच्या कपाळावर टेकवलं. नीट, मधोमध. मग करंड्यातली चिमूट स्वतः उचलली आणि ताईंकडं वळल्या. ताईंना मागं सरायचं होतं. पण तबक दोन्ही हातांत, मागं आबांनी फिरवलेलं टेबल! आजींनी ताईंच्या कपाळावर कुंकू लावलं आणि नाकावर सांडलेलं पदरानं पुसलं.

मागच्या बाजूला बसलेल्या बायांतून एक टाळी वाजली. मग दुसरी. मग काही विचारू नका!

सरपंचताईंनी घाईघाईनं शाल उघडली आणि आजींच्या खांद्यावर घालायला गेल्या. आजींनी ती काठीनंच बाजूला सारली.

"मला नगं, उकडतंय. हिला घाला. म्या नुसती जागा दिली, राबती ती ही!"

मी जाकिटाच्या आतल्या खिशात हात घातला. ताईंच्या मानपत्राचा कागद घड्यांवर फाटला होता, पण अक्षर शाबूत होतं. साउंडवाल्याला म्हटलं, "आवाज वाढव. मागं बायांपर्यंत गेला पाहिजे."