पाच समूह

सोमवारी दुपारी मी नसीमला आकडा सांगितला. तिनं तो संगणकात टाकला आणि उत्तर उघडलं. त्या उत्तरानं तिच्या मार्गदर्शकांचा सिद्धांत खोडला.

नसीम अमडापूरहून आमच्या चिखलीच्या कॉलेजात यायची, तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवायची. मी तिथे ग्रंथपाल. रिकाम्या तासांना ती माझ्यासमोर बसून पीएच.डी.चं काम करी. डबा मात्र दारात उभी राहून खाई, पुस्तकांवर कण नको म्हणून.

दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे पसारे, समूहानं राहतात. भोवतालच्या दीर्घिका त्या समूहाकडे किती वेगानं ओढल्या जातात, ते ती मोजत होती. मार्गदर्शकांच्या सिद्धांतानुसार हा वेग नेहमीच्या गणितापेक्षा जास्त यायला हवा होता. आपल्याच आशेनं मोजमाप वाकू नये म्हणून तिनं माझ्या मनातला एक आकडा, स्वतः न बघता, माझ्याकडूनच निकालात मिसळून घेतला होता. तो काढल्याशिवाय खरं उत्तर तिलाही दिसत नसे.

"काम पुरं होईपर्यंत मले सांगू नका, ताई. मी रडली तरी नाही."

"आणि चहा पाजलास तर?"

"तुमचं इमान एवढं सस्तं आहे काय वो?"

तिनं एकदाही विचारलं नाही.

उत्तर कळवल्यावर मार्गदर्शक सरांचा फोन आला. तिनं तो मलाही ऐकवला.

"मॅडम, पाच समूह गोंधळ करताहेत. ते गाळा, उत्तर जुळेल."

"कोणते घ्यायचे ते उत्तर पाह्यच्या आधीच ठरलं होतं न, सर. आता काऊन गाळू?"

"हे विश्व आहे. तुमच्या अमडापूरचा बाजार नव्हे."

"बाजारात बरं असते, सर. तोलून झाल्यावर वजनं बदलली त लोक धरून मारतेत."

मला हसू आलं. ती हसली नाही. प्रबंधावर सही होणार नाही, हे तिला तेव्हाच कळलं होतं.

सही झाली नाही. पदवी नाही, म्हणून कायमची जागा नाही. पुढच्या वर्षी तासिकाही दुसऱ्याला गेल्या. निरोप देताना प्राचार्य म्हणाले, "पाचच तर होते, मॅडम. काय मिळवलं तुम्ही?"

"मिळवाले कुठं, सर? मोजाले बसली होती मी."

त्यानंतर ती गावात शिकवण्या घेत राहिली. मग किडनीच्या आजारानं गेली.

दरम्यान सरांनी तो सिद्धांत सोडला होता. इतरांची मोजमापंही विरोधात गेली, तेव्हा त्यांनी भाषणात सांगितलं की शास्त्रज्ञानं चूक मान्य करायला शिकलं पाहिजे. सभागृहानं टाळ्या वाजवल्या. नसीमचं नाव त्यात नव्हतं. ते त्यांनी कॉलेजातल्या तिच्या शोकसभेला पाठवलेल्या संदेशात आलं: "एका प्रामाणिक संशोधिकेला आपण मुकलो." प्राचार्यांनी तो सावकाश वाचला, आणि वाचून झाल्यावर चष्मा पुसला.

सही नसलेला प्रबंध ग्रंथालयात दाखल करता येत नाही. तो माझ्या घरी आहे. त्यात पाचही समूह आहेत.