पंधरा पदरी वात

मला शांत बाई असं आजवर कुणी म्हटलेलं नाही, आणि म्हटलं असतं तर मीच हसले असते. पण मेणबत्तीच्या चाचणीला मी चार-चार तास हलत नाही, हे मात्र मी येईल-जाईल त्याला ऐकवायचे. ऐकवायचेच फक्त.

लोडशेडिंगचे दिवस होते ते. नाशिक रोडला आमच्या कॉलनीत संध्याकाळी साडेसहाला लाईट जायची ती नऊपर्यंत. घरोघरी स्टीलच्या झाकणावर मेण सांडून उभ्या केलेल्या मेणबत्त्या, त्या वाऱ्याने विझायच्या, कलंडायच्या, ओट्यावर मेणाचे थर. मी म्हटलं, काचेच्या ग्लासातच मेण ओतलं तर? टपरीवरचे चहाचे जाड ग्लास घेतले, रविवार कारंजावरून मेण आणलं आणि सुरू केलं. बघता बघता बाईला नादच लागला, असं आमचे हे म्हणायचे.

ग्लासातली मेणबत्ती दिसते सोपी, पण फार हट्टी. नुसतं कडक मेण घेतलं तर गार होताना काच सोडतं आणि मधे खड्डा पडतो. म्हणून तीन भाग कडक, एक भाग मऊ मेण आणि वर चमचाभर खोबरेल, हे मिश्रण मी पाच-सहा पातेली वाया घालवून जमवलं. त्याहून त्रास वातीचा. वात मी सुताची वेणी घालून करायचे. नऊ पदरी वात स्वतःच्याच मेणात बुडून मेली. बारा पदरीने मधोमध विहीर खणली आणि कडेचं मेण तसंच ठेवलं. पंधरा पदरी लावली, तर मेणाचं तळं काठापासून काठापर्यंत वितळलं आणि ज्योत बोटाच्या पेराएवढी. मला तर नाचावंसं वाटलं.

पण पहिल्या दिवसाचं काही खरं नसतं. नियम माझेच होते. ग्लास पेटवायचा, चार तास समोर बसायचं, दर अर्ध्या तासाने ज्योत किती, काच किती तापली, काजळी धरते का, ते वहीत लिहायचं. मग विझवायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा. असं ग्लास तळाला जाईपर्यंत. कारण मेण जसं खाली जातं, तशी ज्योत काचेच्या पोटात शिरते, आणि चहाच्या ग्लासाची काच त्या आचेसाठी केलेली नसते.

पहिल्या दिवशी मी बसले. तरी मधे कुकर लावायला उठले, फोन घ्यायला उठले. दुसऱ्या दिवशी एका मैत्रिणीला लेकीच्या लग्नाची पैठणी बघायला येवल्याला जायचं होतं. पैठणी बघायला नाही कोण म्हणतं? सासूबाईंना सांगितलं, "आई, दुपारी ग्लास पेटवा आणि जरा लक्ष असू द्या," आणि एस.टी.त बसले. संध्याकाळी परत आले तर काच स्वच्छ, ज्योत शहाण्यासारखी पेरभर. मी वही काढली आणि आठ ओळी एका दमात भरल्या. मधे पेनसुद्धा बदललं, खरं वाटावं म्हणून. कुणाला खरं वाटावं? वही तर मीच वाचणार होते! तिसऱ्या, चौथ्या दिवशीही माझं येणं-जाणं तसंच. शेवटी खाली लिहिलं, "पंधरा पदरी, पास."

मग तीस ग्लास ओतले. महिला मंडळाच्या दिवाळी प्रदर्शनात शनिवारी मांडायचे होते. खोकी भरून तयार होती.

त्यातले फक्त दोन घराबाहेर गेले. आमच्या शेजारच्या खोलीत आधी एक जोडपं भाड्याने राहायचं. मुलगी येवल्याकडची, नवरा अंबडला कंपनीत. पुढे ते द्वारका चौकाच्या पलीकडे राहायला गेले. तिथे तिला बाळ झालं, आणि बाळ तीन महिन्यांचं झाल्यावर मंगळवारी ती त्याला घेऊन आम्हाला भेटायला आली. पहिल्यांदा लेकरू घेऊन आलेल्या पोरीला रिकाम्या हाताने कोण पाठवतं? आईंनी तिची ओटी भरली, बाळाला झबलं-टोपडं दिलं.

"काकू, लय रडतं हो अंधारात," ती म्हणाली. "हे सेकंड शिफ्टला असले की मी एकटीच. मेणबत्ती धरू का बाळाला धरू?"

मला काय स्फुरण चढलं! दोन ग्लास आणून तिच्या पिशवीत घातले. म्हटलं, "हा पाळण्याजवळ ठेव खुशाल. पडायचा नाही, गळायचा नाही. चार तास बघायलाच नको." हे माझे शब्द.

गुरुवारी दुपारी आई त्यांच्या बहिणीकडे गेल्या होत्या. मनात कुठेतरी खुपत असणार, कारण मी खोक्यातला एक ग्लास उचलला, परातीत ठेवला, पेटवला आणि या खेपेला खरंच समोर बसले. दीड तास सगळं ठीक. मग वातीच्या टोकाला काळं बोंड धरायला लागलं. वाटाण्याएवढं झालं. ज्योत दुभंगली, उंच झाली, धूर सोडायला लागली. काचेचं तोंड काळं पडलं. मी बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं. असं कसं? वहीत तर काजळी कुठेच नव्हती! अडीच तास होत आले आणि काच टच्‌ करून वाजली. खालून वरपर्यंत चीर. मेण परातीत पसरलं आणि ज्योत त्याच्यामागे परातभर धावली. मी पातेलं उपडं घातलं म्हणून निभावलं.

तेवढ्यात आई आल्या. त्यांनी परातीकडे पाहिलं, काचेकडे पाहिलं, आणि चपला काढता काढता म्हणाल्या, "अगं, काजळी नाही का काढलीस?"

"कसली काजळी?"

"वातीची. मी काढायचे ना रोज. येता-जाता आकड्याने टोक झाडायचं. समईची नाही का झाडत? बोंड धरलं की वात भडकते."

त्यांनी केसांतला आकडा काढून दाखवला. टोक काळंकुट्ट होतं.

म्हणजे माझी पंधरा पदरी वात कधी पास झालीच नव्हती. पास झाला होता आईंचा हात. तो हात त्या दोन ग्लासांबरोबर द्वारकेपलीकडे गेला नव्हता.

"आई, ती पोर पाळण्याजवळ लावते आहे तो ग्लास!"

घड्याळात पावणेसहा. तिच्या घरी फोन नाही, मोबाईल नवऱ्याकडे, नवरा शिफ्टवर. मी पर्स उचलली. आई पुन्हा चपला घालायला लागल्या. "तुम्ही कशाला?" म्हटलं, तर म्हणाल्या, "चल मुकाट्याने."

रिक्षात बसल्यावर मी मनात हिशेब मांडला. मंगळवारी संध्याकाळी तिने लावला असेल. बाळाला घेऊन लवकर विझवला असेल, दीड तासात. बुधवारी पुन्हा, मेण वर होतं तोवर काच तगली असेल. म्हणजे मेण बरंच खाली गेलं असणार. वातीवर कालचं बोंड तसंच, आणि आज त्याच बोंडावर काडी लावली की ज्योत पहिल्या क्षणापासून भडकणार. आज दीड तासही लागणार नव्हता.

द्वारकेला ट्रकांच्या मागे रिक्षा अडकली ती अडकलीच. सहा वाजून दहा. सव्वासहा. मी रिक्षावाल्यावर ओरडत होते आणि तो म्हणत होता, "ताई, उडवू का रिक्षा?" माझ्या डोक्यात तिडीक गेली आणि ती सगळी आईंवर निघाली.

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं हात लावायला? चाचणी चालली होती ती! एका शब्दाने बोलला नाहीत. काही झालं त्या लेकराला तर तुमच्यामुळे होईल, लक्षात ठेवा!"

रिक्षावाल्याने आरशातून बघितलं. आई म्हणाल्या, "त्यात बोलायचं काय? जळत्या वातीची काजळी काढतात, तुला माहीत असेल असं वाटलं. आणि मी समोर काढत होते, लपून नाही. तू कुठे होतीस?"

मी मान वळवून बाहेरच्या ट्रकांकडे बघायला लागले.

साडेसहाला लाईट गेली. दुकानांची एकेक रांग काळी होत गेली, जनरेटर धडधडायला लागले. आम्ही अजून चौकातच होतो. आई पुटपुटत होत्या, देवाचं नाव असावं. मी देवाला हाक मारायला धजावले नाही. कुठल्या तोंडाने मारणार? पुढे ट्रक हलले आणि रिक्षा निघाली. तिच्या गल्लीत पोचलो तेव्हा सात वाजून गेले होते.

तिची खोली दुसऱ्या मजल्यावर. खालून बघितलं, आजूबाजूच्या खिडक्यांत मिणमिणता उजेड होता आणि तिची खिडकी काळी. मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढले. जळक्या कापडाचा वास जिन्यातच आला. दार वाजवलं, हाक मारली, पुन्हा वाजवलं. आतून बाळाचा आवाज नव्हता.

दार उघडलं. अंधारात ती उभी होती, डाव्या खांद्यावर बाळ. बाळ हुंदके देऊन दमलेलं होतं, पण हलत होतं. मी त्याच्या पाठीला हात लावला, पाय चाचपले, डोकं चाचपलं. कुठे काही नव्हतं. आई धापा टाकत वर आल्या आणि त्यांनी पिशवीतली बॅटरी लावली.

पाळण्याशेजारी लाकडी स्टूल, त्यावर काचा आणि काळं मेण. पाळण्यातलं दुपटं एका कोपऱ्याने जळून चुरगळलेलं, पाण्याने भिजलेलं. आणि पोरीचा उजवा हात. तळव्यापासून मनगटापर्यंत मेण थिजलं होतं आणि त्याखाली कातडी फुगली होती.

"काकू," ती रडायलाच लागली, "तुमचा ग्लास फुटला हो माझ्याकडून. मी सैपाकात होते. आवाज आला, पळत आले तर ज्योत पाळण्याकडं चालली होती. मी फुटका ग्लास हातानंच ओढून घेतला. पकडता नाय आला. एवढा चांगला दिला होता तुम्ही, मला नाय सांभाळता आला."

ती माझी माफी मागत होती. हात भाजलेली पोर, ग्लास फुटला म्हणून.

आई माझ्याकडे बघत होत्या. रिक्षात मी त्यांच्यावर टाकलेलं त्यांनी तिथे काढलं असतं, तर मी काय करणार होते? त्यांनी वाकून पाळण्यातलं ओलं दुपटं उचललं. मला त्यांचाही राग आला आणि माझी स्वतःची तर शिसारी.

"तुझ्याकडून नाही फुटला," मी म्हटलं. "तो फुटणारच होता. मी तो ग्लास तपासलाच नव्हता गं. बसलेच नव्हते समोर. न बघता पास लिहिलं आणि तुला सांगितलं बघायला नको म्हणून."

तिला आधी कळलंच नाही. मग तिने पाळण्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. रडणं थांबलं तिचं. तिथे तिने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"हात पाण्याखाली धरायला हवा," आई म्हणाल्या. "चल मोरीत. बाळाला दे हिच्याकडे."

मी दोन्ही हात पुढे केले. ती तशीच उभी राहिली. भाजलेला हात तिने वर घेतला आणि बाळाच्या पाठीवर ठेवला, दुखत असणार तरी घट्ट ठेवला. मग वळून तिने बाळ आईंच्या हातात दिलं.

मी मोरीत गेले, बादलीतलं पाणी तांब्यात घेतलं आणि तिच्या हातावर ओतत राहिले. ती भिंतीकडे बघत होती.